पिंपरीचं पेनिसिलिन: कारखाना आपला होता, मग पावडर बाहेरून का येऊ लागली?

ज्यांचे हेडफोन हरवलेत किंवा ज्यांना ऑफिसात चोरून वाचायचंय, त्यांच्यासाठी हा आजच्या एपिसोडचा लिखित भाग. बोलताना जिथे अडखळले ते काढलंय, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.

आधी एक काम करा. घरातला औषधांचा डबा उघडा. बहुतेक घरांत तो बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा असतो. त्यात अमॉक्सिसिलिनची अर्धवट संपलेली स्ट्रिप सापडायची दाट शक्यता आहे. (अर्धवट का, कोर्स पूर्ण का नाही केला, हे भांडण पुन्हा कधीतरी.) स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात कारखान्याचा पत्ता असतो. बद्दी, सिक्कीम, गुजरात, कधी आपला महाराष्ट्र. म्हणजे औषध भारतात बनलं. बरोबर आहे. पण कॅप्सूलच्या आतली पावडर कुठून आली, हे त्या पत्त्यावरून कळत नाही. गेली वीसेक वर्षं ती पावडर, किंवा ती ज्याच्यापासून बनवतात तो पदार्थ, बहुतेक वेळा चीनमधून येत होता.

तुम्ही म्हणाल, यात नवल काय, मोबाइलच्या कव्हरपासून देवघरातल्या लाइटच्या माळेपर्यंत सगळंच तिकडून येतं. नवल हे आहे की ही वस्तू आपण आधी इथे बनवत होतो. १९५५ पासून. पुण्याला लागून, पिंपरीत.

तर आजची गोष्ट पेनिसिलिनची. आणि तिच्या पोटातला प्रश्न असा, की वस्तू आपल्याच देशात बनत असेल तर ती वेळेवर मिळण्याची खात्री वाढते का? वाढत असेल तर कधी, आणि कधी नाही?

फ्लेमिंगसाहेबांची बुरशीची गोष्ट आपण शाळेत ऐकलीय. १९२८, लंडन, उघडी राहिलेली बशी वगैरे. पुस्तक तिथेच थांबतं. खरी अडचण पुढे होती. बुरशीतून निघणारं पेनिसिलिन इतकं थोडं असायचं की सुरुवातीला एका पेशंटला पुरेल एवढं गोळा करताना ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांच्या नाकी नऊ आले. मग १९४१ मध्ये ते अमेरिकेत गेले. इलिनॉय राज्यात पिओरिया नावाचं मक्याच्या पट्ट्यातलं गाव आहे, तिथे शेतीमालावर संशोधन करणारी सरकारी प्रयोगशाळा होती. मक्यातून स्टार्च काढण्याआधी मका भिजवतात, त्या भिजवणीचं घट्ट पाणी तिथे टाकाऊ माल म्हणून ढिगानं पडलेलं. ते बुरशीला खायला घातलं आणि उत्पादन कितीतरी पटींनी वाढलं. पुढे १९४३ मध्ये बाजारातल्या एका कुजक्या खरबुजावर बुरशीची आणखी जोमदार जात सापडली. १९४४ च्या जूनमध्ये दोस्त सैन्य नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलं, तोवर जखमी सैनिकांना पुरेल एवढं पेनिसिलिन तयार होतं. शोध इंग्लंडचा, पण माल अमेरिकेच्या टाक्यांतून आला.

हे टाक्यांचं प्रकरण नीट समजून घेऊ या, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे.

दही कसं लावतो? कोमट दूध, चमचाभर विरजण, उबदार जागा आणि रात्रभर धीर. पेनिसिलिन बनवणं तत्त्वतः असंच आहे. फक्त पातेल्याच्या जागी काही मजली उंच स्टीलची टाकी, दुधाच्या जागी साखरेचं आणि मक्याच्या अर्काचं पाणी, आणि एक रात्र नाही तर जवळपास आठवडाभर. बुरशीला श्वास घ्यायला हवा लागते, म्हणून तेवढे दिवस मोठमोठे कॉम्प्रेसर जंतुविरहित हवा टाकीत ढकलत राहतात. आत उष्णता तयार होते, म्हणून गार पाणी फिरवत ठेवावं लागतं. वीज गेली की बुरशी गुदमरते. आणि एखादा परका जंतू आत शिरला तर तो पेनिसिलिनच खाऊन टाकू शकतो, म्हणजे अख्खी टाकी गटारात. दही नासलं तर आपण कढी करतो, इथे ती सोय नाही!

टाकीतून निघतं त्याला धंद्यात 'पेन-जी' म्हणतात. पेन-जीवर एन्झाइमची प्रक्रिया केली की '६-एपीए' नावाचा पदार्थ मिळतो, आणि त्यापासून अँपिसिलिन, अमॉक्सिसिलिन वगैरे बनतात. शेवटी कॅप्सूल, स्ट्रिप, खोका. तीन-चार पायऱ्या झाल्या. कॅप्सूल भरणं ही सगळ्यात सोपी पायरी, टाकी चालवणं सगळ्यात अवघड. टाकीला जागा, वीज, पाणी आणि वर्षानुवर्षं मुरलेला हात लागतो. हे लक्षात ठेवा, आपण इथे परत येणार आहोत.

आता भारतात येऊ. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा आपल्याकडे पेनिसिलिन आयात व्हायचं. परळच्या हाफकिन संस्थेचे पहिले भारतीय संचालक मेजर जनरल साहिबसिंग सोखी हे त्या काळातलं मोठं नाव. पुढे ते जागतिक आरोग्य संघटनेत वरिष्ठ पदावर गेले. औषधं सरकारनं स्वतः बनवावीत, परदेशी कंपन्यांच्या मर्जीवर राहू नये, हा त्यांचा आग्रह होता. शेवटी जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीनं सरकारी कारखाना काढायचं ठरलं. १९५४ मध्ये 'हिंदुस्तान अँटिबायोटिक्स लिमिटेड' ही कंपनी स्थापन झाली आणि १९५५ मध्ये उत्पादन सुरू झालं.

पुणे-पिंपरीकडच्या श्रोत्यांना हे नाव असं ऐकून ओळखू येणार नाही. तिकडे तिला 'एच.ए. कंपनी' म्हणतात. एच.ए. कॉलनी, एच.ए.चं ग्राउंड. मेट्रोनं पिंपरीला जाताना ज्या झाडीच्या वरून तुम्ही रील बघत निघून जाता, तिथलीच गोष्ट सांगतेय मी. तेव्हाची पिंपरी म्हणजे फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांची वसाहत आणि भोवती शेतं. गाड्यांचे मोठे कारखाने, एमआयडीसी, हे सगळं त्यानंतरचं. आज ज्या पट्ट्याला आपण ऑटो इंडस्ट्रीचा पट्टा म्हणतो, त्याची सुरुवातीची मोठी कंपनी बुरशी वाढवणारी होती, हे मला फार आवडतं.

आणि कंपनीनं नुसतं पेनिसिलिन काढलं नाही. पुढे क्षयरोगासाठी स्ट्रेप्टोमायसिन आलं. तिथल्या प्रयोगशाळेत डॉ. थिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी हमायसिन नावाचं बुरशीविरोधी औषध शोधलं. हिंदुस्तानातलं म्हणून 'ह' आणि पुढे मायसिन. पिकांवरच्या बुरशीसाठी ऑरिओफंजिन काढलं. तुमच्यापैकी कुणी सांगोल्याकडचे डाळिंबवाले असतील तर स्ट्रेप्टोसायक्लिनची छोटी पुडी तुमच्या घरात आलेली असणार, तेल्या रोगासाठी. तीही पिंपरीचीच.

सोव्हिएत मदतीनं १९६१ मध्ये 'आयडीपीएल' ही दुसरी सरकारी कंपनी निघाली. तिचा अँटिबायोटिकचा कारखाना ऋषिकेशला आणि रासायनिक औषधांचा हैदराबादला. या दोन्ही कंपन्या म्हणजे एक प्रकारच्या शाळाच होत्या. इथे काम शिकून बाहेर पडलेल्या माणसांनी पुढे खासगी उद्योग उभे केले. डॉ. रेड्डीज काढणारे अंजी रेड्डी आयडीपीएलमध्येच नोकरीला होते. त्यात १९७० चा पेटंट कायदा आला, जो १९७२ पासून लागू झाला. त्यानुसार औषधाचं पेटंट मिळायचं नाही, फक्त ते बनवण्याच्या पद्धतीचं मिळायचं. म्हणजे वेगळ्या वाटेनं तेच औषध बनवायला मोकळीक. भारत 'जगाची फार्मसी' झाला म्हणतात त्याची मुळं इथे आहेत.

म्हणजे ऐंशीच्या दशकाअखेर चित्र छान होतं. टाकीपासून कॅप्सूलपर्यंत सगळ्या पायऱ्या देशात, आणि सरकारी कंपन्यांच्या जोडीला खासगी कारखानेही.

मग बिघडलं कुठे?

इथे एक समांतर तारीख सांगते. चीनमध्ये हपै प्रांतात शिच्याच्वांग नावाचं शहर आहे. तिथेही सोव्हिएत मदतीनं अँटिबायोटिकचा प्रचंड कारखाना उभा राहिला. उत्पादन सुरू झालं १९५८ मध्ये. म्हणजे आपण तीन वर्षं आधी सुरू केलं होतं! पुढची तीस-पस्तीस वर्षं त्यांनी एकच गोष्ट केली, टाक्या वाढवल्या. जोडीला मक्यापासून बनणारा स्वस्त ग्लुकोज, स्वस्त वीज, प्रांतिक सरकारांचा हात पाठीवर. टाक्यांच्या धंद्यात आकार मोठा असला की किलोमागचा खर्च उतरतो. आपले कारखाने त्यांच्यापुढे लहान होते, वीज महाग होती, आणि पिंपरीत तर नवी यंत्रं, नवी बुरशीची जात, कशालाही मंजुरी हवी असेल तर फाइल दिल्लीला जायची.

१९९१ नंतर आयात सोपी झाली, जकात उतरत गेली, आणि स्वस्त पेन-जी बंदरावर येऊन उभं राहिलं. 'हे डम्पिंग आहे' म्हणून देशी उत्पादक ओरडले. पण गंमत बघा, विरोधात कोण उभं होतं? आपलेच कॅप्सूल बनवणारे. त्यांचंही खोटं नव्हतं. कॅप्सूलची किंमत सरकारनं बांधून दिलेली, स्पर्धा गळ्यापर्यंत आलेली. कच्चा माल स्वस्त मिळत असताना महाग का घ्यायचा? तुम्ही-मी त्या खुर्चीत असतो तर आपणही तेच केलं असतं. पेशंटलाही औषध स्वस्तच हवं होतं.

पिंपरीची कंपनी १९९७ मध्ये अधिकृतपणे 'आजारी उद्योग' ठरली. पुढे कामगारांचे पगार महिनोन्‌महिने थकायला लागले. २०१६ च्या डिसेंबरमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं आयडीपीएल बंद करायचं आणि पिंपरीच्या कंपनीची जादा जमीन विकून देणी भागवायची असं ठरवलं. 'अहो, सरकारी कंपन्या अशाच असतात, आळशी', असं म्हणून इथे बरेच जण विषय बंद करतात. मला ते पटत नाही. कारण त्याच काळात खासगी पेन-जी कारखानेही बंद पडले. गुजरातेत टॉरेंटचा, तमिळनाडूत जेके आणि स्पिकचा. त्यांचे मालक, मॅनेजर, यंत्रं, सगळं वेगळं होतं. शेवट मात्र तोच झाला. सगळेच आळशी असतील का? पिंपरीत ढिलाई होती, ती नाकारत नाही मी. पण ढिलाईनं एक कारखाना बंद पडतो, सगळेच्या सगळे पडत नाहीत.

आणि हे सगळं घडलं तेव्हा मेडिकलमध्ये काहीच फरक जाणवला नाही, ही यातली सगळ्यात विचित्र गोष्ट. औषध मिळत होतं, उलट स्वस्त मिळत होतं. साखळीचा एक दुवा देशाबाहेर गेला तरी गिऱ्हाइकाला पत्ता नव्हता, कारण स्ट्रिपच्या मागचा पत्ता तोच होता.

पत्ता लागायला सुरुवात झाली ती हळूहळू. २००८ चं बीजिंग ऑलिंपिक आठवतंय? अभिनव बिंद्राचं सुवर्णपदक! त्या वेळी बीजिंगची हवा स्वच्छ दिसावी म्हणून आसपासचे धूर ओकणारे कारखाने बंद ठेवले गेले, आणि हपै प्रांत बीजिंगला अगदी खेटून आहे. इकडे भारतात औषधांच्या कच्च्या मालाचे भाव चढले. खेळ तिकडे, फटका इकडे. मग २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये चीनच्याच जीनान शहरात एका औषध कारखान्यात स्फोट झाला. पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम हे हॉस्पिटलमध्ये गंभीर पेशंटला शिरेतून देतात ते औषध. त्याचा जगभरचा कच्चा माल मोठ्या प्रमाणात त्या एका ठिकाणाहून जात होता. पुढच्या वर्षी कितीतरी देशांतल्या हॉस्पिटलांत त्याचा तुटवडा पडला.

आता मला जवळची वाटणारी गोष्ट. माझ्या मावसभावाला शाळेत असताना घसा दुखून ताप आला, सांधे सुजले, आणि पुढे कळलं की हृदयाच्या झडपेला इजा झालीय. संधिवाताचा ताप म्हणतात त्याला. हा आजार पुन्हा उलटू नये म्हणून उपाय एकच, दर एकवीस दिवसांनी बेंझाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन. एक-दोन महिने नाही हं, वर्षानुवर्षं. इंजेक्शन भयंकर दुखतं. त्या दिवशी तो कुणाशी बोलायचा नाही. किंमत मात्र अगदी कमी. आणि एका वर्षी ते मिळेनासं झालं. तालुक्याच्या गावातल्या मेडिकलवाल्यानं सांगितलं, 'वरूनच माल येत नाही.' काका एसटीनं जिल्ह्याला गेले, तिथेही तेच. शेवटी सोलापुरात कुणीतरी ओळखीतून दोन व्हायल मिळवून दिल्या. एकविसाव्या दिवसाऐवजी तिसाव्या दिवशी इंजेक्शन झालं. मधले नऊ दिवस मावशी त्याच्या कपाळाला दिवसातून दहा वेळा हात लावून बघायची.

'वरून माल येत नाही', यातलं 'वर' म्हणजे नेमकं कुठे, हे तेव्हा घरात कुणालाच माहीत नव्हतं. ते आता सांगता येतं. जागतिक आरोग्य संघटनेनं या इंजेक्शनची पाहणी केली तेव्हा २०१४ ते २०१६ या काळात ३९ देशांनी तुटवडा असल्याचं कळवलं. आणि त्याची मूळ पावडर बनवणाऱ्या कंपन्या साऱ्या जगात होत्या जेमतेम चार. ब्राझीलमध्ये तर याच काळात गरोदर बायकांना सिफिलिससाठी हे इंजेक्शन मिळेना. तिथे या आजारावर पोटातल्या बाळालाही वाचवेल असं हेच भरवशाचं औषध आहे. जगातल्या सगळ्यात जुन्या अँटिबायोटिकची ही अवस्था का व्हावी? कारण त्याचं पेटंट संपलेलं, भाव पडलेला, आणि नफा इतका कमी की नवीन कुणी त्यात शिरत नाही. जो कारखाना आहे तो बंद पडला की मागे रांगेत कुणी उभं नसतं.

मग आलं २०२०. वूहान बंद झालं आणि दिल्लीत पहिल्यांदा गंभीरपणे हिशोब मांडला गेला. औषधांच्या कच्च्या मालाच्या आयातीत किमतीनुसार दोन-तृतीयांशाच्या आसपास वाटा एकट्या चीनचा होता, काही अँटिबायोटिकांत तर जवळजवळ सगळाच. तसं हे आधीही माहीत होतं. २०१५ हे वर्ष सरकारनं 'एपीआय वर्ष', म्हणजे औषधांच्या मूळ पावडरींचं वर्ष, म्हणून जाहीर केलं होतं आणि कटोच समितीचा अहवालही आला होता. पण आपल्याकडे अहवालाचं काय होतं हे काय सांगायचं! ३ मार्च २०२० ला भारतानं २६ पावडरी आणि औषधांच्या निर्यातीवर निर्बंध घातले. त्यात साधं पॅरासिटामॉलसुद्धा होतं. युरोपात खळबळ उडाली, कारण चीनवर आपण अवलंबून होतो तसे ते आपल्यावर. पॅरासिटामॉल आपण ढीगभर बनवतो, पण त्यासाठी लागणारं रसायनही बऱ्याच प्रमाणात चीनमधूनच येत होतं. दुव्याला दुवा, दुव्याला दुवा.

त्याच मार्चमध्ये 'पीएलआय' योजना मंजूर झाली. ६,९४० कोटी रुपये, आणि अट अशी की देशात पावडर बनवून विका, विक्रीच्या ठरावीक टक्के पैसे सरकार देईल. पेन-जी त्या यादीत अगदी वर होतं. अरबिंदो फार्माच्या उपकंपनीनं आंध्रात काकीनाड्याजवळ वर्षाला १५,००० टन क्षमतेचा कारखाना उभारला, आणि २०२४ मध्ये तो सुरू झाला. हिमाचलात नालागढला क्लॅव्युलॅनिक ॲसिडचा दुसरा. अमॉक्सिसिलिनसोबत 'क्लॅव' लिहिलेलं असतं ना, तेच. म्हणजे वीसेक वर्षांनी भारतात पुन्हा मोठ्या टाक्यांत बुरशी वाढायला लागली.

'वा, प्रश्न सुटला!' असं म्हणून इथे टाळ्या वाजवता आल्या असत्या. पण थोडं अमेरिकेत जाऊन येऊ, कारण फक्त देशी कारखाना असला की काय होतं याची दोन ताजी उदाहरणं तिकडची आहेत.

पहिलं, बाळांच्या दुधाच्या पावडरीचं. अमेरिकेत खपणारी जवळजवळ सगळी पावडर अमेरिकेतच बनते. बाहेरच्या मालावर मोठी जकात आणि कडक नियम. म्हणजे स्वदेशीचा आदर्शच म्हणा ना. पण बाजार मोजक्या कंपन्यांच्या हातात. २०२२ च्या फेब्रुवारीत मिशिगनमधला एक मोठा कारखाना जंतूंच्या शंकेवरून बंद झाला आणि काही आठवड्यांत दुकानांचे कप्पे रिकामे. आईबाप एका गावातून दुसऱ्या गावात डबे शोधत फिरत होते. शेवटी मे महिन्यात लष्करी विमानानं जर्मनीहून पावडर आणावी लागली. जगातला सगळ्यात श्रीमंत देश आणि बाळाच्या दुधासाठी एअरलिफ्ट!

दुसरं, सलाइनचं. २०२४ च्या सप्टेंबरअखेर हेलीन चक्रीवादळानं नॉर्थ कॅरोलायनातला एक कारखाना पाण्याखाली गेला. अमेरिकेतल्या शिरेतून देण्याच्या द्रवांपैकी सुमारे ६० टक्के तिथून येत होते. हॉस्पिटलांनी ऑपरेशनं पुढे ढकलली, आणि तातडीनं परदेशातून माल मागवावा लागला.

दोन्ही कारखाने देशीच होते. नडलं ते एकच असणं. चीनमधला एक आणि मिशिगनमधला एक, पेशंटच्या नजरेतून दोन्ही सारखेच. फरक एवढाच की आपल्या हद्दीतल्या कारखान्यात काय बिघडलंय ते आपला इन्स्पेक्टर जाऊन बघू शकतो, आणि दुसरा देश निर्यातबंदी घालेल ही भीती नसते. हे काही थोडं नाही, २०२० मध्ये ते दिसलंच. पण खात्री हवी तर दोन-तीन कारखाने हवेत, वेगवेगळ्या जागी, आणि शक्यतो वेगवेगळ्या लोकांचे. आणि आणीबाणी नसलेल्या स्वस्ताईच्या वर्षांतही त्यांच्याकडून कुणीतरी माल घेत राहिलं पाहिजे. पिंपरीत नेमकं हे शेवटचं झालं नाही.

ऑस्ट्रियानं हे जरा वेगळ्या प्रकारे सोडवलं. तिथे टिरोलच्या डोंगरात कुंडल नावाचं छोटं गाव आहे. टाकीपासून गोळीपर्यंत पेनिसिलिन बनवणारा युरोपातला हा शेवटचा मोठा कारखाना. स्वस्त आयातीपुढे तोही डगमगत होता. २०२० मध्ये ऑस्ट्रियाच्या सरकारनं कंपनीशी करार केला. गुंतवणुकीतले ५ कोटी युरो सरकारचे, बदल्यात कंपनीनं पुढची दहा वर्षं उत्पादन तिथेच ठेवायचं. आपण अग्निशमन दलाला आग नसतानाही पगार देतोच की. तसाच हा खर्च.

आता काकीनाड्याकडे परत. कारखाना सुरू झाल्यावर काय झालं असेल, सांगा बघू? आयात मालाचे भाव खाली यायला लागले. नव्वदच्या दशकात पाहिलेला सिनेमा पुन्हा लागला. आणि कॅप्सूलवाल्यांपुढे पुन्हा तोच प्रश्न, स्वस्त घ्यायचं की देशी घ्यायचं? पीएलआयचा हिशोब असा आहे: टाकीत बनणाऱ्या पावडरींसाठी विक्रीच्या २० टक्के मदत २०२६-२७ पर्यंत, २०२७-२८ ला १५ टक्के, २०२८-२९ ला ५ टक्के, आणि मग शून्य. तोवर टाक्या चालवणाऱ्यांचा हात पुरेसा बसला आणि खर्च उतरला तर ठीक. नाहीतर सरकारी दवाखान्यांसाठी होणाऱ्या खरेदीत देशी पावडरीची अट घालायची का, थोडे पैसे जास्त द्यायचे का, हे कुणालातरी ठरवावं लागेल. माझं मत विचाराल तर द्यावेत. निदान एकवीस दिवसांच्या इंजेक्शनसारख्या, ज्यात कुणाला नफा नाही अशा औषधांसाठी तरी. टेंडरमध्ये सगळ्यात कमी भाव बोलणाऱ्यालाच माल द्यायचा हा आपला नियम आहे, आणि तो पैसे वाचवतो हे खरं. पण 'माल आलाच नाही तर काय' या कलमाची किंमत त्या भावात कुठेच धरलेली नसते.

मावसभाऊ आता तिशीच्या उंबरठ्यावर आहे. झडप स्थिर आहे, नोकरी करतो, आणि इंजेक्शन अजून चालू आहे. आता त्याच्याकडे फ्रिजच्या दारात नेहमी दोन व्हायल जास्तीच्या असतात.

बस, आजच्यासाठी एवढंच. तुमच्या घरातलं कुणी पिंपरीच्या एच.ए. कंपनीत किंवा ऋषिकेशला टाक्यांवर कामाला होतं का? बॅच नासली की काय व्हायचं, रात्रपाळीत वीज गेली तर काय धावपळ व्हायची, हे मला त्यांच्या तोंडून ऐकायचंय. आजोबांना फोन द्या, दोन मिनिटांची व्हॉइस नोट करा आणि पाठवा. चांगल्या आठवणी पुढच्या एपिसोडच्या सुरुवातीला ऐकवेन. भेटू!